तीन लिटर कीं साडेचार?

१९३१ सालच्या जुलै महिन्यांत लंडनच्या उत्तर भागांतील क्रिकलवुड येथल्या बेंटले मोटारींच्या कारखान्यावर रिसीव्हर बसला. फ्रान्समधील ल मां येथील चोवीस तासांची शर्यत ज्या गाड्यांनीं पांच वेळां जिंकली, त्यांचा जन्मदाता कारखाना मंदीच्या लाटेंत बारा वर्षांतच बुडाला आणि नोव्हेंबरांत रोल्स-रॉइस कंपनीनें तो विकत घेतला. परंतु कारखाना बुडाला म्हणून त्याच्या गाड्या कांहीं बुडाल्या नाहींत. तोंवर अशा सुमारें तीन हजार गाड्या तयार होऊन बाहेर पडल्या होत्या. ज्यांनीं त्या हजार-हजार पौंड मोजून घेतल्या, त्यांतील कित्येकांचे हात आतां आंखडले होते. कित्येकांना नव्या धर्तीची बंद, उबदार गाडी हवीशी झाली होती. अशा रीतीनें या गाड्या एकामागून एक ग्रेट पोर्टलंड स्ट्रीटवरील जुन्या मोटारींच्या दुकानांपुढें येऊन उभ्या राहूं लागल्या. ज्या तरुणांनीं आजवर त्या रस्त्याच्या कडेला थांबून केवळ पाहिल्या होत्या, त्यांच्या आटोक्यांत त्यांची किंमत आली.

या तरुण गिऱ्हाइकापुढें पहिला प्रश्न उभा राही तो हा, कीं तीन लिटरची घ्यावी कीं साडेचार लिटरची? साडेसहा आणि आठ लिटरच्या बेंटले गाड्याही होत्या. पण त्या पोसणें म्हणजे दारांत हत्ती बांधणें. खरी निवड या दोन चार-सिलिंडरी गाड्यांतच होती. दिसावयास दोघी सख्ख्या बहिणी. तोच उंच रेडिएटर, त्यावर तेंच पंख असलेलें 'बी' अक्षर, चालकाच्या उजव्या हाताशीं तोच गिअरचा दांडा. फरक काय तो बॉनेटखालीं. एकीच्या चार सिलिंडरांत मिळून २९९६ घन सेंटिमीटर जागा, तर दुसरीच्या सिलिंडरांत ४३९८. आणि या दोन आंकड्यांमधून निवड करतांना वेगाच्या हौसेइतकाच, किंबहुना कांकणभर अधिक, विचार करावा लागे तो सरकारी कराचा.

हा कर मोठा विलक्षण होता. १ जानेवारी १९२१ पासून ब्रिटनमध्यें मोटारीवर दर अश्वशक्तीस वर्षाला एक पौंड कर बसला. अपूर्णांक असेल तर तो पुरा धरावयाचा. परंतु ही अश्वशक्ति इंजिन प्रत्यक्ष चालवून मोजीत नसत. रॉयल ऑटोमोबाइल क्लबचें एक सूत्र त्यापूर्वींच रूढ झालें होतें. सिलिंडरचा व्यास इंचांत घ्यावा, त्याचा वर्ग करावा, त्यास सिलिंडरांच्या संख्येनें गुणावें आणि अडीचानें भागावें; येईल ती अश्वशक्ति. सिलिंडरांतला दट्ट्या खालींवर किती अंतर धांवतो, या गोष्टीला त्यांत स्थानच नव्हतें. विहिरीचा घेर मोजावा, खोली विचारूंच नये आणि पाणी किती तें ठरवून टाकावें, तशांतलाच हा प्रकार! सूत्र बसविलें त्या काळच्या इंजिनांना तें बरेंचसें लागू पडत असे. पुढें इंजिनें सुधारलीं. सूत्र होतें तेथेंच राहिलें.

परिणाम व्हावयाचा तो झाला. इंग्रज कारखानदार व्यासानें अरुंद आणि लांब धांवेचीं इंजिनें करूं लागले, आणि एका पिढीच्या इंजिनांची ठेवणच या सूत्रानें बदलून टाकली. १९२२ सालीं निघालेली चिमुकली ऑस्टिन सेव्हन ८ पौंडांत सुटे. अमेरिकन फोर्डची 'टी' गाडी म्हणजे गरिबाचें वाहन. तिच्या इंजिनाची खरी ताकद वीस अश्वशक्तीच्या घरांत. परंतु तिचे सिलिंडर रुंद, म्हणून तिच्या मालकाला २३ पौंड भरावे लागत. उलट तीन लिटर बेंटलेचें इंजिन प्रत्यक्षांत ७० ते ८० अश्वशक्ति देई, पण सूत्राप्रमाणें ती भरे अवघी १५·९, आणि कर १६ पौंड! लक्षाधीशासाठीं बांधलेली गाडी कराच्या दप्तरांत फोर्डपेक्षां गरीब ठरली.

यांत तिच्या कर्त्याची कांहीं लबाडी होती असें मात्र म्हणतां येणार नाहीं. वॉल्टर ओवेन बेंटले यांनीं डॉन्कास्टर येथें ग्रेट नॉर्दर्न रेल्वेच्या कारखान्यांत उमेदवारी केली होती, आणि पहिल्या महायुद्धांत विमानांचीं इंजिनें घडविलीं होतीं. १९१९ सालीं त्यांनीं आपल्या मोटारीचें पहिलें इंजिन तयार केलें, तेव्हां पौंडाचा हा कायदा व्हावयाचा होता. त्यांच्या डोळ्यांपुढें होत्या १९१४ च्या शर्यतीच्या गाड्या. ८० मिलिमीटर व्यास आणि तब्बल १४९ मिलिमीटर धांव. प्रत्येक सिलिंडरला चार झडपा आणि ठिणगीचे दोन प्लग. झडपा हलविणारा दंड माथ्यावर. १९२१ मध्यें पहिली गाडी गिऱ्हाइकाच्या हातीं पडली, आणि १९२९ पर्यंत अशा १६२२ झाल्या. १९२४ सालची ल मां येथील शर्यत डफ आणि क्लेमंट यांनीं हीच गाडी चालवून जिंकली.

मग साडेचार लिटरची गरजच कां पडली? याचें कारण गिऱ्हाइकांच्या हौसेंत आहे. बेंटलेचा कारखाना चासी तेवढी विकी. वरची बॉडी ज्याची त्यानें आपल्या आवडीच्या कारागिराकडून बांधून घ्यावयाची. हलक्या उघड्या बॉडीखालीं जी चासी हरणासारखी धांवे, तिच्यावर लोक चार दारांच्या कांचबंद खोल्या चढवूं लागले. बेंटले यांनीं तेव्हां सहा सिलिंडरांची सवाचार लिटरची एक प्रायोगिक गाडी केली. १९२४ सालीं फ्रान्समध्यें तिची कसोटी चालू असतां वाटेंत त्यांना रोल्स-रॉइसची अशीच एक गुपित गाडी भेटली. दोहोंची जुंपली, आणि मैलोगणती कोणी कोणाला हटेना. कोणाची तरी टोपी वाऱ्यानें उडाली, तेव्हां कोठें ती शर्यत थांबली, असें सांगतात. बेंटले यांनीं घेतलेला धडा सरळ होता. बरोबरी झाली, तेव्हां इंजिन लहान आहे. त्यांनीं सिलिंडरचा व्यास १०० मिलिमीटर केला, आणि साडेसहा लिटरची गाडी जन्मली. परंतु ती होती भारदस्त आणि महाग. शर्यतीच्या शौकिनांना तीन लिटर अपुरी आणि ही अवजड वाटूं लागली. तेव्हां त्याच मापाचे सहाऐवजीं चार सिलिंडर घेऊन १९२७ मध्यें साडेचार लिटरची गाडी काढण्यांत आली. १०० मिलिमीटर व्यास, १४० धांव, सुमारें ११० अश्वशक्ति. ताकद वाढली ती व्यास वाढवून, आणि व्यास हीच तर सूत्राची एकुलती एक नाडी! तीन लिटरची १५·९ होती, ती येथें २४·८ झाली. १६ पौंडांचे २५ झाले.

शर्यतीच्या मैदानावर या दोन बहिणींची पहिली भेट मोठी नाट्यमय झाली. १९२७ च्या जून महिन्यांत ल मां येथें नवी साडेचार लिटर आघाडीवर होती. सायंकाळीं 'व्हाइट हाउस' नांवाच्या वळणावर एक गाडी आडवी झाली. तिच्यावर ही येऊन आदळली आणि मागून आलेल्या दोन्ही तीन लिटर बेंटले त्याच ढिगांत घुसल्या. डेव्हिस यांनीं आपली मोडकी तीन लिटर कशीबशी बाहेर काढली, आणि त्या वांकड्या चाकांच्या गाडीनें त्यांनीं व बेंजाफील्ड यांनीं शर्यत जिंकली. पुढच्या वर्षीं बार्नाटो आणि रुबिन यांची साडेचार लिटर पहिली आली खरी. पण शेवटच्या फेऱ्यांत तिच्या चासीला तडा गेला होता आणि रेडिएटरांत पाण्याचा थेंब राहिला नव्हता. दलालांच्या दुकानांत या दोन्ही कथा सांगितल्या जात असणार, आणि ज्याला जी गाडी खपवावयाची त्यानें ती कथा सांगितली असणार.

सुपरचार्जर लावलेल्या साडेचार लिटरची गोष्ट निराळी. सर हेन्री बर्किन यांनीं डोरोथी पॅजेट या धनवान बाईंच्या पैशावर हा प्रयोग केला. इंजिनांत पंपानें हवा कोंबून ताकद वाढवावयाची. खुद्द बेंटले त्याच्या विरुद्ध होते. ताकद हवी तर इंजिन मोठें करावें, तें कोंडून कुथवूं नये, असें या रेल्वेंत वाढलेल्या माणसाचें मत. १९३० सालीं ल मां येथें बर्किन यांच्या पक्षाच्या दोन्ही गाड्या बंद पडल्या, आणि पहिला व दुसरा क्रमांक साडेसहा लिटरच्या, कोणताही पंप नसलेल्या गाड्यांनीं पटकावला. एकंदर ७२० साडेचार लिटर गाड्यांपैकीं सुपरचार्जरवाल्या ५५ च. आज त्यांच्या किमती सामान्य माणसानें ऐकूं नयेत अशा आहेत. बर्किन यांची एकट्याच्या बैठकीची शर्यतीची गाडी २०१२ सालीं लिलांवांत पन्नास लाख पौंडांवर गेली. कर्त्याला जी नको होती तिलाच सर्वांत अधिक मोल आलें, याला काय म्हणावें!

१९३० नंतरच्या गिऱ्हाइकाचा हिशेब याहून पुष्कळ साधा होता. वर्षाला नऊ पौंडांचा फरक. आणि ज्या काळांत जुनी तीन लिटर मूळ किमतीच्या लहानशा अंशाला मिळे, त्या काळांत नऊ पौंड म्हणजे थोडे नव्हत. १९३५ पासून सरकारनें दर अश्वशक्तीस १५ शिलिंगांवर आणला. तीन लिटरचे १२ पौंड झाले, साडेचारचे १८ पौंड १५ शिलिंग. फरक पावणेसात पौंडांवर आला, आणि पुष्कळांचें मन साडेचारकडे झुकूं लागलें असल्यास नवल नाहीं.

परंतु नुसत्या लिटरांकडे पाहणारा फसे. तीन लिटर गाड्यांना पुढच्या चाकांचे ब्रेक आले ते १९२४ च्या गाड्यांपासून. त्यापूर्वींची गाडी स्वस्त मिळाली तरी तिला थांबविण्याचें काम मागचीं दोनच चाकें करीत. तांबड्या बिल्ल्याची, आंखूड चासीची 'स्पीड मॉडेल' हलकी आणि चपळ असे. तेंच इंजिन लांब चासीवर बंद बॉडी ओढीत असेल तर चढावर घाम फुटे. म्हणून तीन लिटर घेणाऱ्यानें आधीं वरच्या लांकडापत्र्याचें ओझें पाहावें, मग इंजिन. गिअर बदलण्याची विद्या आणखी वेगळीच. या गाड्यांत गिअरचे दांते आपोआप जुळत नसत. क्लच दोनदां दाबून आणि इंजिनाचा वेग कानानें जोखून ते जुळवावे लागत, नाहींतर साऱ्या गल्लीला ऐकूं जाईल असा खडखडाट होई. येथें साडेचार लिटर नवशिक्याला सांभाळून घेई. तिच्या मोठ्या सिलिंडरांना कमी वेगांतही ओढ असे, म्हणून दांड्याला हात कमी वेळां लागे. त्या बदल्यांत चार मोठ्या दट्ट्यांचे ठोके चालकाच्या पाठीला जाणवत. तीन लिटरचा चालक सतत कामांत असे, पण तिच्या इंजिनाची चाल मऊ आणि सुकाणूं हलकें, असें दोन्ही चालविलेल्यांचें मत पडतें; आणि ज्याला गाडी चालविण्यांतच गोडी आहे त्यानें तिला कमी लेखूं नये.

खर्चाची एक खुबी दोघींत समान होती, आणि ती पुष्कळांना घेतल्यावर कळे. बेंटले यांनीं सिलिंडर आणि त्यांचें डोकें एकसंध ओतलें होतें. मध्यें सांधा नाहीं, तेव्हां सांधा फुटण्याची भीतीही नाहीं. पण झडपा घासावयाच्या झाल्या कीं अख्खा ठोकळा उचलून काढावा लागे. तें काम घरामागच्या पडवींत दोन मित्रांच्या मदतीनें उरकणारे वीर होते, आणि अशा वीरांमुळेंच या गाड्या वांचल्या. १९३४ मध्यें व्हिंटेज स्पोर्ट्स-कार क्लब स्थापन झाला. १९३६ मध्यें बेंटले ड्रायव्हर्स क्लब निघाला.

या पडव्यांतूनच तिसरा मार्ग निघाला. दोन्ही इंजिनें बाहेरून इतकीं सारखीं, कीं अपघातांत सांपडलेल्या साडेचार लिटरचें इंजिन तीन लिटरच्या आंखूड चासींत बसूं शके. हलकें शरीर आणि मोठें हृदय! 'तीन-साडेचार' या नांवानें ओळखली जाणारी अशी गाडी दोन्ही मूळ गाड्यांहून पळावयास सरस होई. मात्र कराच्या वहींत २५ अश्वशक्ति चढे, आणि काढून ठेवलेलें तीन लिटरचें इंजिन कोणाच्या तरी गाडीला सुटे भाग पुरवीत संपून जाई. तेव्हां त्याचें कोणाला वाईट वाटलें नाहीं. आज जाणकार प्रत्येक चासीचा आणि इंजिनाचा क्रमांक ताडून पाहतात, आणि मूळ इंजिनाची तीन लिटर सांपडली तर तिला निराळा मान देतात.

१९४० च्या आरंभीं कर २५ शिलिंगांवर चढला. तीन लिटरला २० पौंड, साडेचारला ३१ पौंड ५ शिलिंग. १९४२ सालीं खासगी मोटारींचें पेट्रोल सरकारनें बंदच केलें, आणि ज्यांनीं लहान इंजिन घेतलें होतें व ज्यांनीं मोठें, त्या सर्वांच्या गाड्या सारख्याच ठोकळ्यांवर चढून ताडपत्रीखालीं गेल्या. १९४५ च्या जूनमध्यें थोडें पेट्रोल पुन्हां मिळूं लागलें. १९४८ पासून नव्या गाड्यांना व्यास कितीही असो, सरसकट १० पौंड कर झाला. ताडपत्री काढून बाहेर आणलेल्या बेंटले मात्र जुन्या गाड्यांत मोडत होत्या. त्यांना सवलत मिळाली नाहीं, आणि त्यांचे मालक सिलिंडरचा व्यास मोजून ठरविलेला जुनाच कर भरीत राहिले.