ऊन भरपूर, तरी ‘ड’ जीवनसत्त्व कमी. पण आठवड्याची पुडी रोज घेतली तर धोका

कंबर धरते, पोटऱ्या दुखतात, खाली बसलं की उठताना मांड्यांत जोर राहत नाही. अशी तक्रार घेऊन गेलं की हल्ली डॉक्टर रक्त तपासायला सांगतात आणि अहवालात ‘ड’ जीवनसत्त्व कमी निघतं. दिवसभर रानात राबणाऱ्याला उन्हातून मिळणारी गोष्ट कमी कशी पडते, हा प्रश्न मग घरात निघतोच.

उन्हातले अतिनील किरण कातडीवर पडले की ‘ड’ तयार होतं. पुढे यकृतात आणि मग मूत्रपिंडात त्यावर प्रक्रिया झाली की ते शरीराला वापरता येतं. त्याचं मुख्य काम म्हणजे आतड्यातून कॅल्शियम शोषून घेणं. ‘ड’ पुरेसं असेल तर खाल्लेल्या कॅल्शियमपैकी साधारण ३० ते ४० टक्के अंगी लागतं, नसेल तर १० ते १५ टक्केच. म्हणजे दूध, नाचणी खाऊनही हाडं उपाशीच. लहान मुलांना त्यातून मुडदूस होतो. पाय वाकतात, मनगटं जाड होतात, टाळू उशिरा भरते. मोठ्यांची हाडं मऊ पडतात आणि स्नायू अशक्त होतात.

आता उन्हाचा हिशेब. सकाळी सातच्या कोवळ्या उन्हात बसण्याची आपली जुनी सवय चांगलीच आहे, पण त्या तिरप्या उन्हात ‘ड’ बनवणारे किरण फार थोडे असतात. आपली सावली आपल्या उंचीपेक्षा आखूड झाली की ते चांगले मिळतात. आपल्या भागात मे महिन्यात ही वेळ सकाळी साडेनऊच्या सुमारास येते, डिसेंबरात मात्र दुपारी साडेबाराच्या आसपास, तीही थोडाच वेळ. त्यामुळे वैशाखात भर दुपारी उभं राहून ऊन लागून घ्यायची काहीच गरज नाही. काचेतून हे किरण आत येत नाहीत. सावळ्या कातडीला गोऱ्या कातडीपेक्षा वेळही जास्त लागतो. खुरपणीला जाणारी बाई साडीवर पूर्ण बाह्यांचा शर्ट घालते, तोंडाला रुमाल बांधते. आठ तास रानात, पण ऊन मिळतं ते बोटांना. दुकानात, शिलाई मशीनवर बसणाऱ्यांचं तर विचारूच नका.

जेवणातून भरपाई फारशी होत नाही. बांगडा, तारली, अंड्यातला पिवळा बलक यांत ‘ड’ असतं. शाकाहारी माणसाने दुधाच्या आणि तेलाच्या पिशवीवर निळं ‘+एफ’ चिन्ह पाहावं. त्या दुधा-तेलात ‘अ’ आणि ‘ड’ वरून घातलेलं असतं.

खरी काळजी औषधाची. मोठ्या माणसाची रोजची गरज ६०० युनिट धरली जाते. मेडिकलमध्ये मिळणारी पुडी ६०,००० युनिटची, म्हणजे एका पुडीत १०० दिवसांचा शिधा. डॉक्टर ती सहसा आठवड्यातून एकदा, काही आठवडेच देतात. पण गुण लवकर यावा म्हणून काही जण ती रोज घेतात, तर कुणी चिठ्ठीशिवाय महिनोन्महिने चालू ठेवतात. जास्तीचं ‘ड’ लघवीवाटे सहज निघून जात नाही, चरबीत साठतं. रक्तातलं कॅल्शियम वाढतं. मग उलट्या, खूप तहान, सारखी लघवी, बद्धकोष्ठता, भ्रम. मूत्रपिंडही निकामी होऊ शकतं. ६ लाख युनिटचं इंजेक्शन म्हणजे तर १,००० दिवसांचा साठा एका सुईत. ते ताकदीचं म्हणून टोचून घ्यायची वस्तू नव्हे.

‘ड’ने कर्करोग टळतो, हृदय सांभाळलं जातं, असंही सर्रास सांगतात. अमेरिकेत २५ हजारांहून अधिक लोकांवर झालेल्या चाचणीत रोज २,००० युनिट देऊनही या दोन्ही आजारांचं प्रमाण कमी झालेलं दिसलं नाही.

तान्ह्या बाळांची गोष्ट वेगळी. आईच्या दुधात ‘ड’ फार कमी असतं, म्हणून बालरोगतज्ज्ञ पहिलं वर्षभर रोज ४०० युनिट थेंबांतून द्यायला सांगतात. काही बाटल्यांत एका मिलिलिटरला ४०० युनिट असतात, काहींत ८००. बाटली बदलली की लेबल पुन्हा वाचावं, नाहीतर मेडिकलवाल्याकडून वाचून घ्यावं.