भेट कोणाची, मालकी कोणाची?

महाजालावर मुक्त स्रोत प्रणालींची वानवा नाही; वानवा आहे ती त्यांचा पूर्वेतिहास वाचण्याच्या सवयीची. ग्रंथालयासाठी प्रणाली निवडण्याचा विषय निघाला की मी न्यूझीलंडमधील होरोफेनुआ ग्रंथालय न्यासाची हकीकत सांगतो.

१९९९ साली या न्यासाची जुनी प्रणाली २००० सालच्या तारखा पेलणार नव्हती. तयार प्रणाली विकत घेण्याऐवजी न्यासाने 'कटिपो' या कंपनीकडून नवी लिहवून घेतली. जानेवारी २००० मध्ये ती सुरू झाली आणि जीपीएल परवान्याखाली सर्वांसाठी खुली झाली. नाव ठेवले 'कोहा'. माओरी भाषेत कोहा म्हणजे भेट, पण परतफेडीची जाणीव असलेली. आपल्या आहेराच्या जवळची. (अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला निव्वळ 'फुकट' पचत नाही, हे पचते.)

पुढे एका अमेरिकी कंपनीने न्यूझीलंडमध्ये 'कोहा' या नावावर व्यापारचिन्हाचा हक्क मागितला. २०१३ साली तो अर्ज फेटाळला गेला. मंजूर झाला असता तर? नाव गेले असते, स्रोतसंहिता नव्हे. परवान्याने ती आधीच सर्वांच्या हाती दिली होती.

भारत सरकारच्या २०१५ च्या धोरणानुसार मुक्त स्रोताला प्राधान्य द्यावे लागते, डावलल्यास कारण द्यावे लागते. तरी आमच्या टिपणींत चर्चा बहुधा खर्चाचीच. परवाना कोणता, शेवटची आवृत्ती केव्हाची, कळवलेल्या चुका कोण दुरुस्त करतो, हे प्रकल्पाच्या पानावरच दिसते. कोहाची नवी आवृत्ती वर्षातून दोनदा येते, मे आणि नोव्हेंबर महिन्यांत.