मारिएनबुर्गचा किल्लेदार

साल १४१०, जुलैचा उत्तरार्ध. तुम्ही नोगात नदीच्या काठी उभे आहात. समोर लाल विटांचा अवाढव्य किल्ला: मारिएनबुर्ग, ट्यूटॉनिक या लढाऊ जर्मन धर्मसंघाची राजधानी. दरवाजातून माणसं, गुरं, धान्याच्या गाड्या आत लोटताहेत. कोणीतरी तुमच्या खांद्यावर एक पोतं टाकतं आणि तुम्हीही आत शिरता.

आत सुतकी कळा आहे. १५ जुलैला ग्रुनवाल्डच्या रणात संघाची फौज कापली गेली. संघाचे प्रमुख, महागुरू उलरिश फॉन युंगिंगेन पडले, बहुतेक मोठे अधिकारीही पडले. पोलंडचा राजा यागिएवो आणि त्याचा चुलतभाऊ, लिथुआनियाचा व्हिताउतास, इकडेच निघाले आहेत. वाटेतले किल्ले एकामागून एक शरण जाताहेत.

चौकात तो दिसतो. अंगावर पांढरा झगा, त्यावर काळा क्रूस. हाइनरिश फॉन प्लाउएन, श्वेत्सच्या किल्ल्याचा कोमटूर, म्हणजे संघाचा तिथला किल्लेदार. पश्चिमेची सीमा राखायची म्हणून तो त्या लढाईत नव्हता. पराभवाची बातमी कळताच हाती लागली ती माणसं घेऊन तो इथे धावून आला. दारिद्र्य, ब्रह्मचर्य आणि आज्ञापालन अशी तिहेरी शपथ त्याने घेतली आहे. पण आज त्याला आज्ञा द्यायला वर कोणी उरलेलं नाही. संघ वाचवायचा तर काय करायचं, हे त्याचं त्यालाच ठरवायचं आहे.

धुराने तुमचे डोळे चुरचुरतात. शत्रूला आडोसा मिळू नये म्हणून त्याने तटाखालचं शहर पेटवलं आहे. रहिवाशांना किल्ल्यात आसरा मिळाला, पण तुमच्या शेजारची बाई तटावरून स्वतःचं घर जळताना बघते आहे. त्याच्या निष्ठेची किंमत तीही मोजते आहे. हे विसरून त्याचं कौतुक करता येणार नाही.

वेढा पडतो. दिवसरात्र तोफा धडाडतात. महागुरूंच्या उन्हाळी भोजनगृहाचं सगळं छत एकाच ग्रॅनाइटच्या खांबावर पेललेलं आहे. त्याच खांबावर नेम धरून शत्रूने गोळा डागला, अशी कथा पुढे सांगितली जाईल. भिंतीत रुतलेला गोळा आजही तिथे दाखवतात. कोठारं भरलेली आहेत, शिबंदी हटत नाही. बाहेर मात्र छावणीत हगवण पसरते, व्हिताउतास आपली फौज घेऊन परततो आणि १९ सप्टेंबरला यागिएवोही वेढा उठवतो.

नोव्हेंबरात प्लाउएन महागुरू होतो. १४११च्या तहाने संघाचा बराचसा मुलूख वाचतो, पण डोक्यावर जबर खंडणी बसते. ती फेडायला तो कर वाढवतो, पुन्हा युद्धाची तयारी करतो. लोक कंटाळलेले असतात. १४१३ साली त्याचेच सहकारी त्याला पदावरून काढून कैदेत टाकतात. १४२९ साली तो मरतो.

आता आणखी पुढे या, १४५७ सालात. पगार थकलेले भाडोत्री सैनिक हाच किल्ला पोलंडच्या राजाला विकून टाकतात. प्लाउएनच्या वेळी तोफांना दाद न देणारे तट पैशांच्या व्यवहारात परक्या हाती जातात. किल्ला बांधायला विटा, चुना आणि गवंडी लागतात. तो राखायला मात्र, हुकूम देणारा मेल्यावरही दिलेला शब्द पाळणारी माणसं लागतात, आणि संघाने अशा माणसाला स्वतःच्या हातांनी कोंडून ठेवलं होतं.