यादवी युद्ध आणि मानवी हक्कांसाठी आंतरराष्ट्रीय दबाव : एल साल्वादोरचा अनुभव (१९८०-१९९२)

प्रस्तावना :
१० डिसेंबर १९४८ रोजी संयुक्त राष्ट्रांनी मानवी हक्कांचा जाहीरनामा स्वीकारला. तथापि राज्यसंस्थाच जेव्हा आपल्या नागरिकांवर शस्त्र उगारते, तेव्हा बाह्य दबाव कितपत परिणामकारक ठरतो, हा प्रश्न इतिहासाच्या अभ्यासकांपुढे कायम आहे. मध्य अमेरिकेतील एल साल्वादोरच्या यादवी युद्धाच्या आधारे प्रस्तुत लेखात त्याचा विचार केला आहे.

प्रमाणपत्राची अट :
जमिनीची विषम मालकी आणि लष्करी राजवट यांतून उद्भवलेल्या या युद्धात सुमारे ७५,००० माणसे मृत्युमुखी पडली. बंडखोरांविरुद्ध लढणाऱ्या शासनाला अमेरिकेचे लष्करी साहाय्य होते. १९८० च्या मार्चमध्ये आर्चबिशप ऑस्कर रोमेरो यांची आणि डिसेंबरमध्ये चर्चच्या चार अमेरिकी सेविकांची हत्या झाली. मानवी हक्कांच्या स्थितीत सुधारणा होत असल्याचे राष्ट्राध्यक्षांनी दर सहा महिन्यांनी प्रमाणित करावे, तरच साहाय्य मिळेल, अशी अट अमेरिकी काँग्रेसने १९८१ मध्ये घातली. त्याच डिसेंबरमध्ये लष्कराने एल मोसोते येथे शेकडो ग्रामस्थांची कत्तल केली. २७ जानेवारी १९८२ रोजी हे वृत्त अमेरिकी वृत्तपत्रांत प्रसिद्ध झाले. दुसऱ्याच दिवशी राष्ट्राध्यक्ष रेगन यांनी प्रमाणपत्र दिले. साहाय्य देणाराच परीक्षक झाल्याने अट कागदावरच राहिली.

निश्चित अट व स्वतंत्र पडताळणी :
याउलट, सेविकांच्या खटल्याचा निकाल लागेपर्यंत लष्करी साहाय्यातील ३० टक्के रक्कम रोखून धरण्यात आली, तेव्हा मे १९८४ मध्ये पाच सैनिक दोषी ठरले. नोव्हेंबर १९८९ मध्ये सहा जेझुइट धर्मगुरू व दोन स्त्रियांची लष्कराने हत्या केल्यावर काँग्रेसने १९९० मध्ये लष्करी साहाय्य निम्म्यावर आणण्याचा निर्णय घेतला. जुलै १९९० मध्ये उभय पक्षांनी मानवी हक्कविषयक करार केला आणि जुलै १९९१ पासून, युद्धविरामापूर्वीच, संयुक्त राष्ट्रांचे निरीक्षक देशात कार्यरत झाले. १६ जानेवारी १९९२ रोजी शांतता करार झाला. अर्थात शीतयुद्धाची अखेर आणि रणांगणावरील कोंडी यांचाही त्यात वाटा होता.

दबावाची मर्यादा :
१९९३ च्या सत्यशोधन आयोगाकडे २२,००० हून अधिक तक्रारी आल्या. त्यांपैकी सुमारे ८५ टक्के तक्रारींत शासकीय यंत्रणा व तिच्याशी संलग्न गटांवर ठपका होता. अहवालानंतर अवघ्या पाच दिवसांत सर्वंकष माफीचा कायदा संमत झाला. तो घटनाबाह्य ठरण्यास २०१६ साल उजाडावे लागले.

समारोप :
सारांश, केवळ निषेधाने वा सर्वसाधारण अटींनी नागरिकांचे रक्षण होत नाही. अट नेमकी, तिच्यामागे आर्थिक बळ आणि पडताळणी त्रयस्थाच्या हाती असेल, तरच दबावाला अर्थ येतो. मात्र युद्ध थांबविणे आणि न्याय देणे ही दोन भिन्न कार्ये आहेत. पहिले साधताच दबाव सैल झाला, तर दुसरे पिढ्यान्‌पिढ्या लांबते, हे या इतिहासावरून स्पष्ट होते.