काँक्रीटखालची कुंडे

माउली, निवृत्तिनाथांची पालखी त्र्यंबकेश्वराहून पंढरीला निघते, तेव्हा नाशकातून जाते. पुढच्या वारीत गोदाकाठी घटकाभर थांबा. आपण सगळ्याच पात्राला ‘रामकुंड’ म्हणून हात जोडतो. पण भूमिअभिलेख खात्याच्या १९१७ च्या नकाशात इथे १७ कुंडे आहेत. दशाश्वमेध, रामगया, पेशवे कुंड, खंडोबा कुंड; प्रत्येकाचे नाव वेगळे, हद्द वेगळी.

२००३ च्या सिंहस्थासाठी पात्रात काँक्रीट पडले. गर्दीची सोय झाली, पण कुंडांचे तळ बुजले. २०१६ च्या दुष्काळात रामकुंड कोरडे पडले, स्नानाला टँकरचे पाणी आणावे लागले. नदी वाचवू पाहणाऱ्या नाशिककरांनी तो जुना नकाशाच पुरावा म्हणून पुढे ठेवला. पुढे काही कुंडांतले काँक्रीट काढायचे काम सुरू झाले.

तीर्थ नुसत्या नावाने राहत नाही, त्याला पाणी लागते. घरी परतलात की आपल्याही गावचा जुना नकाशा भूमिअभिलेख कार्यालयात मागून पाहा. त्यात ओढा कुठून वाहत होता, बारव कुठे होती, हे गावातल्या वडीलधाऱ्यांना सोबत घेऊन शोधा. जे सापडेल ते बुजू देऊ नका. तीही सेवाच आहे.

रामकृष्णहरी.