वर्गात शिक्षकाला किती मोकळीक असते? कोसबाडचा प्रयोग आणि आजचा कायदा

डहाणू तालुक्यातलं विवळवेढे महालक्ष्मीच्या देवस्थानासाठी ओळखलं जातं. याच तालुक्यातल्या कोसबाडच्या टेकडीवर शिक्षणाचा एक वेगळा प्रयोग झाला. शिक्षकांना किती स्वातंत्र्य असावं, या वादात तो आजही आठवावा असा आहे.

कोसबाडला काय घडलं?

ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ मध्ये बोर्डीत बालशिक्षणाचं काम सुरू केलं. १९५७ मध्ये ते कोसबाडला आलं. इथली आदिवासी मुलं गुरं राखायची, धाकट्या भावंडांना सांभाळायची. शाळेच्या ठरलेल्या वेळेत ती येणार कशी? मग शाळाच मुलांकडे गेली. पाड्यावर अंगणवाडी भरली आणि गुरं चरायची तिथे 'कुरणशाळा'. वेळ, जागा आणि साधनं मुलांच्या सोयीने ठरली.

आज कायदा काय सांगतो?

शिक्षण हक्क कायदा, २००९ नुसार:

- कलम २९: अभ्यासक्रम आणि मूल्यमापनाची पद्धत सरकारने नेमलेली शैक्षणिक संस्था ठरवते. शिकवण्याचं माध्यम शक्यतो मुलाची मातृभाषा असावं.
- कलम २४: अभ्यासक्रम वेळेत पूर्ण करणं आणि गरज असलेल्या मुलाला जादा शिकवणं, ही शिक्षकाची कर्तव्यं आहेत.
- कलम १७: शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळाला बंदी.
- कलम २७: जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणूक सोडून इतर अशैक्षणिक कामं देता येत नाहीत.

मग मोकळीक कुठे?

'काय शिकवायचं' हे सरकार ठरवतं. 'कसं शिकवायचं' यात शिक्षकाला वाव आहे. २०२० चं राष्ट्रीय शिक्षण धोरणही अध्यापन पद्धती निवडण्याची जास्त स्वायत्तता शिक्षकांना द्यावी, असं म्हणतं. मात्र धोरण म्हणजे कायदा नव्हे.

अडचण काय?

घरी वारली बोलणाऱ्या पहिलीतल्या मुलाला पुस्तकातली प्रमाण मराठी परकी वाटू शकते. शिक्षकाने आधी वारलीतून समजावलं, तर मूल बोलू लागतं, पण धडे मागे पडू शकतात. एकच कायदा मातृभाषाही सांगतो आणि वेळेत अभ्यासक्रमही.

म्हणून प्रश्न फक्त शिक्षकाच्या हक्काचा नाही. धडा किती पुढे गेला हे मोजायचं की मूल किती पुढे गेलं, हे आधी ठरवावं लागेल. कोसबाडने दुसरं मोजलं होतं.