मगर, घोरपड आणि उमरठचे सुभेदार

पोलादपूर तालुक्यातील उमरठ या गावी सुभेदार तानाजी मालुसरे यांची समाधी आहे. १० जानेवारी २०२० रोजी ‘तान्हाजी’ हा हिंदी चित्रपट प्रदर्शित झाला आणि सुभेदारांचे नाव देशभर दुमदुमले. त्या चित्रपटातील उदयभान भाजलेली मगर खातो. मावळे दोरांवर असे झोके घेतात की गुरुत्वाकर्षण त्या रात्री रजेवर असावे. प्रसंग गंभीर, पार्श्वसंगीत त्याहून गंभीर. आणि नेमके तेथेच अनेकांना हसू फुटते. आजचा धागा या हसण्याविषयी आहे.

ज्यांना हसू आले त्यांनी अपराधी वाटून घेण्याचे कारण नाही. सुभेदारांच्या कथेत अतिशयोक्ती काही सिनेमाने आणलेली नाही. तुळशीदास शाहिराचा सिंहगडाचा पोवाडा पाहा. तेथे उदयभानाला अठरा बायका आहेत, त्याचा खुराक राक्षसाला लाजवील असा आहे, दिमतीला चंद्रावळी नावाचा हत्ती आहे आणि सिद्दी हिलालसारखा सरदार आहे. शेलारमामा ऐंशी वर्षांचे, तरी त्यांच्या तलवारीला विश्रांती नाही. आणि यशवंती घोरपड! ती कडा चढता चढता माघारी फिरते, सोबतचे लोक अपशकुन म्हणून कचरतात, तेव्हा तानाजी त्या घोरपडीलाच कापून खाण्याची धमकी देतात. मगर खाणाऱ्या उदयभानाचे मूळ असे पोवाड्यातच सापडते.

मग पोवाडा ऐकताना आपण शाहिराबरोबर हसतो आणि चित्रपट पाहताना चित्रपटाला हसतो, असे का? माझ्या मते, शाहिराला आपण वाढवून सांगतो आहोत याचे भान असते आणि समोरच्या श्रोत्यालाही ते असते. डफावर थाप पडली की दोघांमध्ये एक करार होतो. घोरपडीला दिलेली धमकी हशा पिकावा म्हणूनच आहे. तो हशा विरतो न विरतो तोच शाहीर श्रोत्यांना कड्याच्या काळोखात नेतो. कॅमेऱ्याला हा करार ठाऊक नाही. तो साक्षीदारासारखा शपथेवर सांगतो की हे असेच घडले. शब्दांतला खादाड उदयभान ज्याच्या त्याच्या कल्पनेत मावतो. पडद्यावरची मगर मात्र मगरच राहते.

जाता जाता एक गंमत. बाबूराव पेंटर यांच्या १९२३ सालच्या ‘सिंहगड’ या मूकपटात वृद्ध शेलारमामा रंगवले होते व्ही. शांताराम यांनी. तेव्हा त्यांनी नुकतीच विशी ओलांडली होती.

आता ‘तान्हाजी’तील त्या अजस्र तोफेकडे वळू. तिचे नाव नागीण. कोंढाण्यावरून राजगडाचा वेध घेण्यासाठी ती गडावर चढवली जाते. या दोन गडांमधील सरळ रेषेतील अंतर सुमारे १५ किलोमीटर आहे. सतराव्या शतकातील भल्याथोरल्या तोफेचा गोळाही या अंतराच्या आसपास पोहोचत नसे. ही चूक निरुपद्रवी म्हणून सोडून देता आली असती; पण त्या दोन गडांच्या मधल्या अवकाशात खरोखर जे घडले, ते या तोफेने झाकून टाकले आहे.

त्यासाठी कृष्णाजी अनंत सभासदाची बखर उघडावी. राजाराम महाराजांच्या काळात जिंजी येथे, म्हणजे ४ फेब्रुवारी १६७० च्या त्या रात्रीनंतर सुमारे पाव शतकाने ती लिहिली गेली. तीत घोरपड नाही. दोन निवडक मावळे आधी कडा चढतात. सभासद त्यांना वानरांची उपमा देतो आणि तेवढ्यावर थांबतो. वर पोहोचून ते माळ, म्हणजे दोरांची शिडी, सोडतात आणि तीनशे माणसे तिच्यावरून गडावर जातात. पुढे तानाजी आणि उदयभान समोरासमोर येतात. तानाजींच्या डाव्या हातातील ढाल तुटते. दुसरी ढाल वेळेवर मिळत नाही. मग ते डाव्या हाताचीच ढाल करतात आणि त्या हातावर वार झेलत लढतात. दोघेही एकमेकांच्या वाराने पडतात. उरलेल्या लोकांना सावरून सूर्याजी मालुसरे गड घेतात.

ही तुटलेली ढाल मला साऱ्या संगणकीय करामतींपेक्षा भयंकर वाटते. हवेत उडणाऱ्या नायकाची ढाल तुटली काय आणि न तुटली काय, प्रेक्षकाला फरक पडत नाही; ज्याला इजाच होऊ शकत नाही त्याच्या मरणाची भीती कोणाला वाटणार? अतिरंजित लढाई आपल्याला हसवते ती इथे, आणि इथेच ती सुभेदारांवर अन्याय करते. त्यांच्यापाशी जादू नव्हती. होता एक हात, आणि तो त्यांनी वाराखाली धरला.

गड हाती आल्यावर मावळ्यांनी वरच्या पागेच्या खणांना आग लावली. तो उजेड महाराजांनी राजगडावरून पाहिला, असे सभासद लिहितो. त्या रात्री कोंढाण्यावरून राजगडापर्यंत पोहोचला तो उजेड, तोफेचा गोळा नव्हे. सुभेदार पडल्याची बातमी त्यामागून आली.

परंपरा सांगते की त्यांचा देह घाटवाटेने खाली कोकणात, उमरठला नेण्यात आला. केळदजवळून महाडच्या बाजूला उतरणाऱ्या त्या वाटेला आजही मढे घाट म्हणतात.